किलडॉरनची मतमोजणी

५ ऑगस्ट

आणि वर मलाच म्हणतो, तुला राजकारणातलं काय कळतं. दादाचं हे वाक्य मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकतोय. कळत नाही ना मला, मग माझ्याकडे पैसे कशाला मागतोस, हे उत्तर फोन ठेवल्यावर सुचलं. मला उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतात. म्हणून इथे लिहून ठेवतो, पुढच्या फोनला उपयोगी पडतील.

भांडण जुनंच, कारण तेवढं नवीन. गावात सरपंचपद या वेळी बाईला राखीव आलंय, तर दत्तादादाला आता वहिनीला सरपंच करायचंय. शुभदावहिनीला विचारलंस का, म्हटलं. तर म्हणतो, तिला काय विचारायचं, सही येते तिला. आणि निवडणूक होणारच नाही. आमच्या गावात निवडणूक होत नाही, लिलाव होतो. देवळात सगळे पुरुष बसतात, जो मोठा आकडा बोलेल त्याच्या घरात पद जातं, बाकीच्यांनी अर्जच भरायचे नाहीत. पैसे देवाला. याला बिनविरोध म्हणतात आणि पेपरात फोटो येतो, एकोप्याचं गाव म्हणून. मागच्या लिलावातून वेशीवर कमान झाली. कमानीखालून यायची ती एसटी मात्र चार वर्षं आत येत नाही, कारण ओढ्यावरची मोरी वाहून गेलीय. फाट्यावर उतरा आणि चालत या कमान बघायला.

दादाला चार लाख पाहिजेत. म्हणजे सात हजार डॉलर. माझ्याकडे जवळपास तेवढेच आहेत आणि ते पीआरच्या, म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात कायमचं राहायच्या अर्जासाठी ठेवलेत. हे त्याला सांगितलं कोणी? मीच, दिवाळीला, छाती फुगवून. मूर्ख.

८ ऑगस्ट

सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ. लोकांना वाटतं ऑस्ट्रेलिया म्हणजे समुद्रकिनारा. टूवूंबा डोंगरावर आहे, इथे ऑगस्टमध्ये तंदूरसमोर उभा राहणारा मीच एकटा सुखी माणूस असेन. पद्माकरकाका, म्हणजे आमच्या रेस्टॉरंटचा मालक, पुण्याचा. शिकायला आला आणि राहिला. रोज एकदा तरी सांगतो की मी पण भांडी घासलीत. घासली असतील. आता मी घासतो ते दिसत नाही त्याला.

क्वेकर्स हिलचा दोस्त निनाद बोलावतोय, सिडनीला ये, ट्रकवर काम आहे. बॅग भरली. मग आठवलं, व्हिसा काकाच्या नोकरीवर बांधलेला आहे. बॅग उघडली. महिन्यातून एकदा हे चालतं.

११ ऑगस्ट

म्हाताऱ्याबद्दल लिहिलंच नाही अजून. लिहिण्यासारखं काही नाही म्हणून. डंकन नाव, स्कॉटलंडचा, वय ऐंशीच्या पुढे. त्याच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहतो. डोळे गेलेत त्याचे, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. गाडी दारात धूळ खात होती आणि इथे गाडीशिवाय माणूस लंगडा. तेव्हा मी त्याला हॉस्पिटल, लायब्ररी फिरवतो आणि गाडी मीही वापरतो. इथवर ठीक.

आता नवीन फॅड. म्हातारा वीस वर्षं एक पुस्तक लिहितोय. कशावर, तर किलडॉरन नावाचा त्याच्या गावाकडचा पार्लमेंटचा मतदारसंघ, तिथे पहिल्यापासून कोण उभं राहिलं, कोणाला किती मतं पडली. बस एवढंच. खून नाही, बाई नाही, काही नाही. आता त्याला वाचता येत नाही म्हणून मी दुपारी, शिफ्टच्या आधी, जुन्या कागदांतले आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने त्याच्या टाइप केलेल्या मजकुराशी जुळवायचे. तो मजकूर त्याला पाठ आहे. मी म्हटलं, माझं शिक्षण नाही, दहावीला इंग्रजीत अठरा मार्क होते. तो म्हणाला, आकडे येतात ना? आठवड्याला तीस डॉलर भाडं कमी. मग काय, येतात म्हटलं.

गंमत ही की त्या किलडॉरनमध्ये म्हाताऱ्याने स्वतः एकदाही मत दिलेलं नाही. वयात यायच्या आधीच बापाने बोटीत घालून इकडे आणला. आणि मतदारसंघही राहिला नाही आता. सरकारने शेजारच्यात जोडून टाकला, नावसुद्धा नाही. जे नाहीच त्याचा हिशोब लावत बसलाय. रिकामं डोकं.

१४ ऑगस्ट

आज सगळ्यात जुने कागद. दोनशे वर्षांपूर्वी अख्ख्या किलडॉरनमध्ये मतदार किती, तर एकतीस. जमीनदार लोक. खानावळीत जमायचे, मोठा जमीनदार जेवण द्यायचा, त्याच्या माणसाचं नाव वर जायचं, झाली निवडणूक. मतं कमी पडतील असं वाटलं की तो आपल्या शिंप्याच्या नि मेहुण्याच्या नावावर कागदोपत्री जमीन करायचा, मत देईपर्यंत. मत दिलं की जमीन परत. शेजारच्या परगण्यात तर म्हणे एकदा एकच मतदार आला. तोच सभेचा अध्यक्ष झाला, त्यानेच स्वतःचं नाव सुचवलं, अनुमोदन दिलं आणि स्वतःचं अभिनंदन करून घरी गेला.

म्हातारा हे सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे हे अजून आहे, फक्त जेवण स्वतःच्या पैशाने करावं लागतं. मागच्या विधानसभेला मी इथे नान भाजत होतो आणि गावात माझं मत पडलं. दादाने कोणाला तरी पाठवून टाकलं. मला फोनवर सांगितलं, काळजी करू नको, तुझं मत वाया घालवलं नाही.

म्हाताऱ्याने विचारलं, कोणाला टाकलं. मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी.

१७ ऑगस्ट

आज लिलाव झाला.

दुपारी अडीच. कांदे चिरत होतो, दादाचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे दहा. देऊळ भरलेलं, नारळ फुटलेला, साखर कारखान्याच्या एका ऊसतोड कंत्राटदाराची आणि दादाची चढाओढ चाललेली. पाच, साडेपाच, सहा लाख. मला वाटलं दाखवायला फोन केलाय. मग कंत्राटदार म्हणाला सात, आणि दादाने साडेसात लाख म्हटलं. कोणीतरी मागून म्हणालं, दत्ता, आणणार कुठून? दादाने फोन उलटा केला आणि माझं तोंड गावाला दाखवलं. म्हणाला, "हा बघा माझा भाऊ. ऑस्ट्रेलियात आहे. अजून काही विचारायचंय कोणाला?"

गावाने टाळ्या वाजवल्या. आणि मी, हातात सुरी, डोळ्यात कांद्याचं पाणी, काय केलं? हसलो. मान हलवली. लाजेने हलवली का मिजाशीने, मला अजून कळत नाही. थोडी मजा आली होती, खोटं कशाला बोलू. त्याच देवळात मला कोणी सतरंजीवर बसू द्यायचं नाही, नापास म्हणून.

पद्माकरकाका मागे उभा होता. म्हणाला, अरे वा, गावात मान आहे की तुला. त्याच्या तोंडावर मारावीशी वाटली. सुरी नाही, पोळी.

१८ ऑगस्ट

निम्मे पैसे दादा शेत तारण ठेवून उभे करणार, निम्मे मी. देवळाला सभामंडप होणार. मोरीचं कोणी बोललं का, विचारलं. दादा म्हणाला, मोरी सरकारचं काम आहे.

२० ऑगस्ट

आज म्हाताऱ्याचं वाचन कंटाळून कंटाळून केलं. रात्रीची पार्टी होती चाळीस माणसांची, डोकं तिकडे. एका वर्षी एकच नाव, पुढे आकडाच नाही. छापायचं राहिलं असेल. थांबून विचारलं की अर्धा तास व्याख्यान, म्हणून मी ठोकून दिलं, तीन हजार चारशे बारा.

म्हाताऱ्याने विचारलं, समोर कोण होतं?

आता समोर कोण होतं, मी कुठून आणू. म्हटलं, कोणी नाही. मग तीन हजार मतं कशी पडली, म्हणाला. पकडला गेलो. वाटलं चिडेल, तीस डॉलर गेले. चिडला नाही. म्हणाला, त्या वर्षी बिनविरोध होता तो. त्याच्या शब्दात, अनअपोज्ड. मी म्हटलं, मग चांगलं की. भांडण नाही, खर्च नाही. आमच्याकडे बक्षीस मिळतं.

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा जरा तापला. म्हणाला, "हरलेल्याला दोनशे मतं पडली तर मला कळतं, लॅड, की दोनशे माणसं तिथे होती आणि त्यांना हे नको होतं. माझी आई त्यांच्यात होती का, एवढं तरी विचारता येतं. या वर्षात मला कोणीच दिसत नाही. या वर्षी कोणालाच विचारलं नाही."

ज्याला समोरची कपबशी दिसत नाही तो ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची माणसं शोधतोय. मी चहा करून दिला. साखर जास्त घातली.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. ब्रिस्बेनच्या मंडळाला तीनशे मोदक आमच्याकडून, उकडले मी, कौतुक काकाचं. आयटीवाले, इंजिनीअर, डॉक्टर, सगळे सदरे घालून. पोरं इंग्लिशमध्ये विचारतात, मोदकात नट्स आहेत का. मंडळाची सभा पण उरकली आरतीनंतर. पद्माकरकाका तिसऱ्यांदा अध्यक्ष, बिनविरोध. कोणीतरी म्हणालं दुसरं नाव आहे का, सगळे हसले आणि प्रसादाला उठले. एवढे शिकलेले. माझ्या गावचे निदान साडेसात लाख तरी मोजतात.

१ सप्टेंबर

आज बॉम्ब. विनिताताईने अर्ज भरला.

विनिताताई माझी सख्खी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवऱ्याने टाकली, तेव्हापासून दादाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहते, ब्लाउज शिवते. तालुक्याला गेली, कोणाला न सांगता, वहिनीच्या विरोधात सरपंचाचा अर्ज भरून आली. सूचक म्हणून पिठाच्या गिरणीवाल्याच्या म्हातारीची सही. म्हणजे आता बिनविरोध नाही. लिलाव फुकट, मतदान घ्यावं लागणार.

दादाचा फोन पंचवीस मिनिटं. तिला वेड लागलंय, तिला कोणीतरी फूस लावलीय, गाव थुंकतंय आपल्यावर. अर्ज मागे घ्यायची मुदत चार तारखेला दुपारी तीनपर्यंत. "ती माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तू सांग तिला. नाहीतर मला एकच भाऊ होता आणि तोही मेला असं समजेन."

मी सांगतो म्हटलं. मलाही राग आलाच आहे. सरपंच व्हायचंय म्हणे. सातवी पास.

२ सप्टेंबर

केला फोन. जसं झालं तसं लिहितो.

ती पहिल्यांदा म्हणाली, कोण, ऑस्ट्रेलियावाला का, तुझी टाळी ऐकली रे देवळाबाहेरून. बायकांना आत घेत नाहीत ना लिलावाला. बाहेर चपला सांभाळायला बसल्या होत्या त्या. मी म्हटलं, ताई, नाटकं बंद कर, उद्या जाऊन अर्ज काढून घे. दादाने तुला घरात ठेवलंय, त्याच्याच ताटात माती कशाला.

म्हणाली, ठेवलं होतं. आता नाही. काल रात्रीच दादाने शिलाई मशीन अंगणात फेकलं, पायाने हलवायचा पायटा मोडला. ती फाट्यावर आलीय, पंक्चरवाल्याच्या बाजूला पत्र्याची खोली आहे तिथे. गावातल्या दुकानात तिला तेल-मीठ देऊ नका असं ठरलंय. हे सगळं तिने भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं.

मग मी ओरडलो. तू पडणार आहेस, म्हटलं. तुला दहा मतं पडणार नाहीत. कशासाठी चाललंय हे?

ती म्हणाली, मोरीसाठी. तिच्याकडे शिवायला येणाऱ्या पोरी सातवीनंतर घरी बसतात, एसटी नाही म्हणून. मी म्हटलं, मोरी होती तेव्हा मी तरी कुठे शिकलो. ती म्हणाली, तू मोरीमुळे नाही, तू आळशी होतास म्हणून नाही शिकलास. त्या पोरी आळशी नाहीत. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

मग म्हणाली, "पडणार हे मला माहीत आहे, अवध्या. पण किती जणांना हे नको होतं ते एकदा मोजलं तर जाईल. दहा तर दहा."

ती म्हणाली, ऐकतोयस का, का कट झाला. ऐकतोय म्हटलं. म्हणाली, एक मत तर पक्कं आहे, वहिनीचं.

मला वाटलं चेष्टा करतेय. नाही. मशीन उचलायला वहिनी अंगणात आली होती, तेव्हा हळूच म्हणाली, माझं मत तुला, मला तरी कुणी विचारलंय का. स्वतः उभी आहे ती बाई, आणि मत दुसरीला.

"म्हणजे दोन झाली," ताई म्हणाली. "तुझं धरत नाही. तुझं दादाच टाकतो."

अर्ज मागे घे हे मला परत म्हणायचं होतं. विसरलो.

३ सप्टेंबर

शिफ्टमध्ये दोनदा नान जाळला. काका म्हणाला, मेट, फोकस. मेट म्हणाला की समजायचं पगारातून जाणार.

दादाचे अकरा मिस्ड कॉल.

दुपारी म्हाताऱ्याकडे बसलो. आजच्या वर्षात तीन उमेदवार, तिसरी एक बाई, मतं एकशे सदतीस. मी म्हटलं, हिचं डिपॉझिट गेलं असेल. गेलं, म्हणाला, त्याच वर्षी शाळामास्तरणीची नोकरी पण गेली. मग काय मिळालं तिला, विचारलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले. आकडा परत वाचायला सांगितला, बरोबर आहे ना बघायला. मी परत वाचला. मग त्याने सांगितलं नव्हतं तरी तिचं नावही वाचलं, दोनदा अडखळून. इंग्लिश नावं कसली असतात ही.

त्याला गावचं सगळं सांगितलं आज. का, माहीत नाही. माझं इंग्लिश ऐकून घ्यायला तो पण बांधील आहे, मी त्याचं ऐकतो तर. त्याला वाटेल शहाणपण शिकवावं, म्हणून तयारीत होतो. त्याने फक्त विचारलं, गावात मतदार किती. अकराशेच्या आसपास, म्हटलं. मान हलवली आणि गाडीची चावी दिली, उशीर होतोय तुला म्हणाला.

४ सप्टेंबर

तिकडे तीन म्हणजे इकडे साडेसात. ऐन गिऱ्हाइकाची वेळ. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आठला ताईचा मेसेज आला, फक्त ओढ्याचा फोटो. म्हणजे फाट्यावरच बसून होती, तालुक्याला गेलीच नाही. अर्ज आहे तसा आहे.

आठ वाजून पाच मिनिटांनी दादा. मी कोपऱ्यातल्या कोल्डरूममध्ये जाऊन उचलला. शिव्या झाल्या, आई निघाली, बाप निघाला. मग म्हणाला, आता लिलाव रद्द, पण मतदान म्हटलं की खर्च दुप्पट, पैसे वाटावे लागतील, तू पाच लाख पाठव. म्हटलं, नाही. तो म्हणाला, गावाने टाळ्या वाजवल्या होत्या तुला. म्हटलं, परत घे म्हणावं. हे उत्तर मात्र फोन चालू असताना सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा.

माझा भाऊ मेला, म्हणाला. ठेवला.

कोल्डरूममध्ये किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक, काका दार उघडून म्हणाला, पनीर शोधतोयस का.

६ सप्टेंबर

झोप नाही. दादाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय, ते आठवत राहतं. मग ते मोडकं मशीन आठवतं. दोन्ही एकाच माणसाचं. त्याला हे सांगायला फोन केला तर ब्लॉक केलंय.

ताईला फोन केला. कौतुक वगैरे काही नाही, मूर्खच आहे ती, तसंच म्हटलं तिला. काय काय लागेल ते विचारलं. खोलीचं भाडं पंक्चरवाला तीन महिन्यांचं आगाऊ मागतोय. नवा पायटा. पत्रकं छापायला तालुक्याचा प्रेसवाला रोखीशिवाय हात लावत नाही, दादाचा मित्र आहे. अनामत तिने स्वतःची भरलीय, ब्लाउजच्या पैशातून, त्याचे पैसे घेणार नाही म्हणाली. घेऊ नको म्हटलं, देतंय कोण.

एक काम सांगितलं तिला. मतदानाच्या दिवशी तुझा जो माणूस आत बसेल त्याला माझं नाव पाठ करायला लाव. अवधूत म्हणून कोणी आला तर हात वर करायचा आणि म्हणायचं, हा तो नाही, तो ऑस्ट्रेलियात आहे. तसंच मोठ्याने म्हणायचं, देवळापर्यंत ऐकू जाईल असं. ती हसली. म्हणाली, मग तुझं मत कोणालाच नाही पडणार. म्हटलं, नाही पडू दे.

पीआरचा अर्ज पुढच्या वर्षी. इंग्लिशची परीक्षा तशीही नापास होणार होतो, तेवढे महिने म्हाताऱ्याचे आकडे वाचून सुधारेल. दादा सात हजार मागत होता, त्यापुढे मी स्वस्तात सुटतोय. हिशोबाने बघितलं तर माझाच फायदा आहे, भावना-बिवना काही नाही यात.

उद्या सकाळी, बँकेचं ॲप उघडलं की, विनिताताईच्या नावावर: नऊशे डॉलर.